वीस तारखेचा भोपळा

आईला 'जरा बस' म्हणणं म्हणजे सुरू असलेल्या पंख्याला बस म्हणण्यासारखं आहे. चहा ओट्याशी उभ्यानं. पेपर खिडकीशी उभ्यानं. फोनवर मावशीशी बोलायचं ते या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत, त्यामुळे मावशीची गाऱ्हाणी आमच्या घरात सगळीकडे थोडी थोडी सांडलेली असतात.

पूर्वी अशी नव्हती. एकोणीस वर्षं ती बसस्थानकातल्या काचेच्या खोपटात एकाच स्टुलावर, एकाच माइकसमोर बसली. "कृपया लक्ष द्या. सात पन्नासची जलद गाडी फलाट क्रमांक तीनवरून सुटेल." आवाज असा, की गाडी दोन तास उशिरा असली तरी ऐकणाऱ्याला वाटावं, बरं झालं, तेवढीच विश्रांती. मग एक दिवस साहेबांनी तिला भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत नेलं आणि तीन दिवस वाचून घेतलं. एक ते शंभर आकडे. सगळी गावं. 'येईल', 'सुटेल', 'उशिराने धावत आहे', 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. आता कॉम्प्युटर हे तुकडे जोडून बोलतो. आवाज ठेवून घेतला आणि आईला घरी पाठवलं.

आणि तो आवाज चुकतो. इमारतीतलं कोणीही गावाहून आलं की बॅगेसकट आधी आमच्या दारात. "वहिनी, तुम्ही तीन नंबर म्हणालात, गाडी लागली पाचला! धावता धावता चप्पल तुटली माझी."

"अहो भाऊ, ती मी नाही, मशीन आहे."

"पण आवाज तर तुमचाच!"

दोन वर्षं हे चाललं. पहिल्या वर्षी आई समजावत होती. दुसऱ्या वर्षी ती फक्त म्हणायची, "चप्पल ठेवून जा, शिवून आणते."

घरी आल्यावर तिनं छंद धरले. धरले आणि सोडले. लोकरीचा मफलर विणायला घेतला, तो सहा फूट झाला तरी थांबवायचा कसा ते येईना. सध्या तो दाराखालच्या फटीत झोपलेला असतो. मग मेणबत्त्या. मग मातीची भांडी, त्यातल्या एकातही पाणी ठरलं नाही. मग माउथ ऑर्गन. तो सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या हेडबाई वर आल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या वाक्याच्या शेवटी वर्गाकडे बघतात. "वाजवणं चांगलं, पण ते ऐकू येणार नाही अशा ठिकाणी वाजवावं. कळलं?" कुठलाच छंद पंधरा दिवसांच्या वर गेला नाही. सोळाव्या दिवशी आई पुन्हा खिडकीशी, बोटांनी गजांवर टकटक करत.

एका संध्याकाळी ती भोपळा चिरत होती. बिया कचऱ्यात टाकता टाकता हात थांबला. तिनं एक बी दोन बोटांत धरून दिव्याकडे नेली, उलटसुलट पाहिली, आणि बाबांच्या दुकानात फोन लावला. "तुमच्याकडे रंगाच्या रिकाम्या बादल्या आहेत ना?"

बाबांचं केशकर्तनालय आहे, कोपऱ्यावर, तीन खुर्च्यांचं. नुकताच रंग दिलेला. बादल्या आल्या, गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात रांगेनं उभ्या राहिल्या. माती आई कुठून कुठून पिशव्या भरून आणायची. खतासाठी स्वयंपाकघरातली सालं, आणि कुठल्याशा पुस्तकात वाचून, बाबांच्या दुकानातले केस. रोज संध्याकाळी बाबा एक पिशवी आणत. "घ्या. आज बँकेतले दोन आहेत आणि एक वकील."

"वकिलाचे वेगळे ठेवा," आई म्हणायची. "ते लवकर कुजत नाहीत."

टोमॅटो आले, मिरच्या आल्या, पालक आला. पण तिचा जीव त्या एका भोपळ्याच्या वेलात. प्रत्येक बादलीला तिनं पुठ्ठ्याची पाटी लावली: काय, कधी पेरलं, कधी येणार. पालक, पाच आठवडे. मिरची, अडीच महिने. सोळावा दिवस आला आणि गेला. तिसावा गेला. आई पहाटे वर, दुपारी वर, संध्याकाळी वर. खाली आली तरी नखांत माती. बाबा मला हळूच म्हणाले, "या वेळी धरलंय बरं का तिनं. तू काही गडबड करू नकोस."

मी गडबड केली.

मला आवाज काढता येतात. शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात मी दोनदा तास लवकर सोडलाय. पण माझा सगळ्यात पक्का आवाज आईचा. 'क्रमांक' म्हणताना ती जी बारीक उडी घेते, तीसुद्धा जमते. त्या दिवशी आई बाजारात शेणखत आणायला गेली होती. मी गच्चीवर पाणी घालत होते आणि एक बादली रिकामी होती. तिच्यात तोंड घालून सहज बोलून पाहिलं तर काय सांगू, हुबेहूब बसस्थानक! तसाच घुमारा, तशीच शेवटची खरखर. मी बादली घेऊन जिन्याच्या तोंडाशी गेले.

"कृपया लक्ष द्या. गच्चीवरून येणारा भोपळा पुढील महिन्याच्या वीस तारखेला, सकाळी ठीक अकरा वाजता, प्रत्येक घरी पोहोचेल. बाराही घरांनी आपापली भांडी घेऊन तयार राहावे. धन्यवाद."

खाली पटापट दारं उघडली. कोणीतरी हसलं, कोणीतरी टाळी वाजवली, पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "वहिनी, चांगला पिकलेला द्या हं!" मी तोंडावर हात धरून पायरीवर बसले. असं यश मला शाळेतही मिळालं नव्हतं.

दहा मिनिटांत नोटीसकाकांनी फलक लिहिला. ते आमच्या इमारतीचे सचिव, आणि त्यांचं बोलणंही फलकावरूनच खाली उतरल्यासारखं. घरात बायकोला म्हणे सांगतात, 'याद्वारे कळवतो की भूक लागली आहे.' गच्चीवरच्या बादल्या त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होत्या. फलकावर आता असं होतं:

'चौथा मजला, घर क्रमांक दहा यांनी वीस तारखेस सकाळी अकरा वाजता प्रत्येक घरास भोपळा देण्याचे स्वतः जाहीर केले आहे. सदर शब्द न पाळल्यास गच्चीचा पूर्व कोपरा त्याच दिवशी रिकामा करून घेण्यात येईल.'

आई शेणखताची पिशवी घेऊन आली आणि फलकासमोर उभी राहिली. मी जिन्यातून बघत होते. तिनं ते दोनदा वाचलं. मग मान न वळवता म्हणाली, "बादलीत बोललीस ना?"

"गंमत केली गं."

"छान जमलं असणार."

"मी सांगते काकांना. आत्ता जाते."

"काय सांगणार? की ती आई नव्हती? दोन वर्षं मी तेच तर सांगतेय." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "माझ्या आवाजात गेलं, म्हणजे माझंच झालं. चल, वर चल. पाणी कमी पडलंय वेलाला."

ओरडली असती तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून आई वेलाभोवती अशी फिरायला लागली, जशी गाडी सुटायच्या आधी माणसं सामानाभोवती फिरतात. वेल नुसता पसरत होता. फुलंही भरपूर, पिवळीधमक. पण फळ धरेना. दोन कळ्यांखाली लिंबाएवढे गोळे दिसले, दोन्ही पिवळे पडून गळाले. आईनं ते गळालेले गोळे खिशात घालून खाली आणले आणि रात्रीच्या जेवणात ताटाशेजारी ठेवले.

शेवटी ती हेडबाईंकडे गेली. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. गुडघे दुखत असतानाही त्या वर आल्या, चष्मा वर केला, आणि छडीसारखी काठी फिरवली.

"हे लांब देठाचं, खाली काही नसलेलं फूल, ते नर. हे खाली गोळा असलेलं, ती मादी. याचा पराग तिला लागला तर फळ, नाही तर गळती. चार मजले वर मधमाश्या येत नाहीत, तेव्हा ते काम तुम्ही करायचं. पहाटे. फुलं नऊच्या आत मिटतात. कळलं?"

"कळलं, बाई," आई म्हणाली, आणि तिच्याबरोबर मीही.

आता आई रोज संध्याकाळी कळ्या तपासायची. महिना पालटला आणि एक तारखेला तिला एक मादी कळी सापडली, टोकाशी केशरी झालेली. उद्या पहाटे उमलणार. तिनं मला बोलावलं, कळीला हात न लावता दाखवली, मग नर कळ्या शोधायला वेलाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

तिथे एकही नव्हती.

वेल कसा दिसत होता सांगू? कानाजवळ मोकळा, मागून बारीक, वरून सारखा. सोमवार होता. दुकान बंद.

"अहो!" आईनं जिन्यातून हाक मारली. "वेलाला काय केलंत?"

बाबा खूश होऊन वर आले. हातात दुकानातली कात्रीच. "आवडलं? फार अंगावर आला होता. ज्या फुलांखाली फळ नाही ती नुसती उंडारतायत, म्हटलं काढून टाकू. कसा हलका वाटतोय बघ आता."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती मटकन खाली बसणार, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की तिनं बसू नये. तिनं केराच्या टोपलीत हात घातला. दुपारच्या उन्हात सगळी फुलं आणि कळ्या भाजीसारख्या सुकल्या होत्या.

"मी पुस्तकात वाचलं नव्हतं," बाबा म्हणाले. त्यांनी कात्री मिटून खिशात घातली, पुन्हा बाहेर काढली, मग माझ्याकडे दिली.

आई गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. पाचव्या फेरीला थांबली.

"स्थानकाच्या मागे आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"वेल. उपाहारगृहवाला बिया मागच्या दारातून फेकायचा. जुन्या टायरांच्या ढिगावर भोपळ्याचा वेल चढलाय. माझ्या खिडकीतून दिसायचा."

स्थानकावर ती दोन वर्षांत एकदाही गेली नव्हती. मावशीकडे जायचं तर पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन तिथून गाडी पकडायची. पण दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना आम्ही तिथे होतो. तिच्या हातात माझा शाळेचा डबा, आत ओलं फडकं.

फाटकातून आत पाऊल टाकलं आणि वरून आवाज आला. "कृपया लक्ष द्या."

आईची मान खाली गेली. डोक्यावर आठ कर्ण्यांमधून आई बोलत होती आणि खाली आई डबा छातीशी धरून भराभर चालत होती. मी मध्ये. टायरांचा ढीग होता. वेल होता. फुलं इतकी उमललेली, की आमच्या वेलाला लाज वाटावी. तिनं लांब देठाची चार फुलं तोडली, एक एक करून फडक्यात गुंडाळली, डबा बंद केला. माझं लक्ष घड्याळाकडे. सगळं ठीक चाललं होतं.

परतताना फलाट दोनच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, पायांशी दोन बोचकी. वरून आवाज आला, "धरणाकडे जाणारी सव्वासहाची गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक दोनवर येईल." आजींनी बोचकी जवळ ओढली.

आई थबकली. "आजी, धरणाची गाडी बंद झालीय. दीड वर्ष झालं, पेपरात आलं होतं."

"बंद कशी? आत्ता सांगितलं की! तू काय बहिरी आहेस का गं?"

"ते चुकीचं आहे."

"ती बाई चुकीचं सांगेल?" आजींनी बोटानं कर्णा दाखवला. "कालही मी इथेच बसले होते. काल म्हटलं, चुकली असेल माझी. इतकं चांगलं बोलणारी बाई खोटं कशाला बोलेल?"

"आई, फुलं," मी म्हटलं. "नऊच्या आत."

आईनं डबा माझ्या हातात दिला. आणि तिथे, फलाट दोनवर, दोन पाय नीट रोवून, तिनं तो आवाज काढला. कर्ण्याशिवाय. "कृपया लक्ष द्या. धरणाकडे जाणारी सव्वासहाची गाडी रद्द करण्यात आली आहे. प्रवाशांनी साडेसहाच्या गाडीने वळणापर्यंत जावे आणि तिथून रिक्षा करावी. गैरसोयीबद्दल..." आणि इथे आवाज एकदम घरातला झाला, "मला खरंच वाईट वाटतंय हो आजी. कालपासून बसलात?"

आजी तिच्याकडे बघतात, कर्ण्याकडे बघतात, पुन्हा तिच्याकडे. "अगं बाई! तू खाली कधी आलीस?"

आम्ही त्यांना साडेसहाच्या गाडीत बसवलं. बोचकी मी चढवली. मग आई चौकशीच्या खिडकीशी गेली, कागद मागितला, उभ्याउभ्या चार ओळी लिहिल्या आणि आतल्या माणसाला म्हणाली, "साहेबांना द्या. धरणाची घोषणा काढायची, नाही तर माझा आवाज काढायचा." तो माणूस नुसता तोंड उघडं ठेवून कागद हातात घेऊन राहिला. मी नंतर तो चेहरा आरशासमोर बराच वेळ करून पाहिला, जमत नाही.

घरी पोचायला साडेसात. मादी फूल पूर्ण उमललं होतं. आईनं डब्यातल्या एका फुलाच्या पाकळ्या सोलून काढल्या आणि आतली पिवळी काडी हळूच मादी फुलाच्या मध्यावर टेकवली, फिरवली. मग दुसरं. मग तिसरं. बाबा दोन हात पाठीमागे बांधून, चार हात लांब उभे. त्यांना कळेना काही बोलावं का, म्हणून ते गिऱ्हाइकाशी बोलतात तसं म्हणाले, "बरं वाटतंय ना आता?"

या वेळी फळ गळालं नाही.

लिंबाचा पेरू झाला, पेरूचा नारळ. आईनं जुन्या ओढणीचा झोळा करून त्याला आधार दिला. दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची, रात्री झोपेत कूस बदलली तरी 'कितवी तारीख' विचारायची. वीस तारखेला सकाळी तो असा होता: गडद हिरवा, मध्यम पातेल्याएवढा, आणि पुरता कच्चा. एकच. घरं बारा.

अकराला माणसं आली. प्रत्येकाच्या हातात भांडं. एकानं तर कुकर आणला होता. नोटीसकाकांच्या हातात वही, हेडबाईंच्या हातात काठी. सगळे झोळ्याभोवती गोल उभे राहिले, आणि कोणीतरी हळूच म्हणालं, "बाळ आहे हो अजून."

"वेळ झाली," नोटीसकाका म्हणाले. "घर क्रमांक दहा यांनी आपला शब्द पाळावा. आकाराबाबत फलकात उल्लेख नाही. बारा फोडी केल्या तरी चालतील."

बाबा आईच्या कानाशी वाकले. "कर बारा फोडी. कोपरा तर राहील. फळ काय, पुन्हा धरेल."

आईच्या हातात सुरी होती. ती एकदा झोळ्याकडे गेली. एकदा मागे आली.

"नाही कापणार," ती म्हणाली. "अजून एक महिना लागेल. आज कापला तर बारा घरी बारा बेचव फोडी जातील आणि लोक म्हणतील, मी पोचवला. नाही पोचला. उशीर झालाय. बादल्या काढायच्या तर काढा."

"तसे असल्यास," नोटीसकाकांनी वही उघडली, "याद्वारे पूर्व कोपरा..."

मी पालकाशेजारची रिकामी बादली उचलली आणि तिच्यात तोंड घातलं.

"कृपया लक्ष द्या. गच्चीवरून येणारा भोपळा पुढील महिन्याच्या वीस तारखेला, सकाळी ठीक अकरा वाजता..."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. आईचं तोंड बंद होतं. मग सगळ्यांनी बादलीकडे पाहिलं. मी बादली खाली घेतली.

"ती मी होते," मी माझ्या आवाजात म्हटलं, आणि तो इतका बारीक निघाला की माझाच मला ओळखू येईना. "आई तेव्हा बाजारात होती. तिनं कुणाला काहीच सांगितलं नव्हतं."

"म्हणजे स्थानकावरही..." तुटक्या चपलेचे भाऊ कुकर घेऊन पुढे आले. "म्हणजे त्या तुम्ही खरंच नव्हता, वहिनी?"

"तेच सांगतेय ना, भाऊ! दोन वर्षं!" आई म्हणाली, आणि पहिल्यांदा ओरडली. गच्चीवरच्या कबुतरांनी उड्डाण केलं.

नोटीसकाका वहीत बघत होते. "पण फलक तर घर क्रमांक दहाच्या नावाने निघालेला आहे. आता मी तो कुणाच्या नावाने..."

"दुरुस्ती करा," हेडबाईंनी काठी आपटली. "चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करून कुणाचं भलं झालंय? फळ धरायचं कसं ते मी शिकवलंय, पिकलेलं मी बघणार. आणि ही मुलगी," काठी माझ्याकडे वळली, "तोपर्यंत खालच्या नळापासून पाणी वर आणेल. रोज. सहा बादल्या. कळलं?"

"कळलं, बाई."

नोटीसकाकांनी वहीत आधीचं खोडलं, जागच्या जागी दुसरं लिहिलं आणि तेच खाली फलकावर उतरवलं. काय लिहिलं ते मी दुसऱ्या दिवशी सहा बादल्या चढवताना वाचलं, प्रत्येक खेपेला एकदा. तारखेच्या जागी त्यांनी 'पिकल्यावर' असा शब्द घातला होता. त्या फलकाला असा शब्द पहिल्यांदाच लागला असेल.

स्थानकावरून उत्तर आलेलं नाही. आई रोज टपालपेटी उघडून बघते, मग गच्चीवर जाते, मग खाली येते, मग पुन्हा पेटी. काल संध्याकाळी बाबा दुकानातून केसांची पिशवी घेऊन वर आले, वेलाकडे बघत उभे राहिले, मान डावीकडे कलली, मग उजवीकडे.

"कडेची दोन पानं जरा..."

"खिशातून हात बाहेर काढा आधी," आई म्हणाली. "रिकामा."